मोटारीची स्प्रिंग आणि तिचा लगाम

श्रीगोंदे तालुक्यातील जमीन पुष्कळ भागी काळी आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर घातलेला डांबरी रस्ता ह्या फुगण्या-आटण्याबरोबर वरखाली होतो. त्यात कुकडी व घोड प्रकल्पांच्या कालव्यांनी ऊस वाढविला. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर त्याच रस्त्याने साखर कारखान्यांकडे जाऊ लागतात, आणि त्यांच्या चाकांखाली डांबराला चाकोऱ्या पडतात. अशा रस्त्यावरून घरची मोटार जात असता तिचे चाक जमिनीस चिकटून राहते की क्षणभर अधांतरी होते, हा प्रश्न नुसत्या आरामाचा नाही. अधांतरी चाकास ब्रेक लागत नाही व वळणही साधत नाही. पुढे दिवा नसलेली उसाची ट्रॉली एकाएकी दिसली, तर सर्व काही त्या चार चाकांच्या जमिनीशी असलेल्या सलगीवरच अवलंबून असते.

पुण्यामुंबईच्या हौशी तरुणांत कॉइलओव्हर नावाचा जोड बसविण्याची आवड रूढ झाली आहे. स्प्रिंगच्या वेटोळ्याच्या आत शॉक ॲब्सॉर्बर उभा, त्याच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले, आणि त्या आट्यांवर फिरणारी कडी हीच स्प्रिंगची खालची बैठक, अशी ह्याची रचना असते. कडी फिरविली की मोटार उंच किंवा बुटकी होते. माथ्यावरची किंवा तळाची लहान कळ फिरविली की शॉक ॲब्सॉर्बर सैल वा घट्ट होतो. ही साधने श्रीगोंद्यासारख्या ठिकाणी नेली असता त्यांचा उपयोग किती व उपद्रव किती, हे त्यांच्या कार्याची उकल झाल्यावाचून ठरविता येणार नाही.

स्प्रिंगचा मूळ नियम रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला: जितका भार, तितकी दाब. घोडागाड्यांस कमानी आल्या, त्यावरून मोटारीस आल्या. आपल्याकडील अँबॅसडरच्या मागील बाजूस आणि कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्याही मागील बाजूस अशाच पोलादी पाट्यांच्या कमानी असत. पाटे एकमेकांवर घासत व त्या घर्षणाने गाडीचे हेलकावे थोडे आवरत. वेटोळ्याच्या स्प्रिंगेस हे घर्षण जवळजवळ नाही. ती एकदा दाबून सोडली की पुष्कळ वेळ नाचत राहते. म्हणून तिला लगाम हवा. तो लगाम म्हणजेच शॉक ॲब्सॉर्बर, ज्याला गॅरेजातील कारागीर शॉकअप म्हणतात. स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एका खांबात गुंफण्याची अर्ल मॅकफर्सन ह्या अभियंत्याची रचना १९५० च्या फोर्ड कॉन्सलमध्ये दिसली, आणि १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या पुढील चाकांमार्फत ती आपल्या घराघरांत पोचली. शॉक ॲब्सॉर्बर तयार करणारी गेब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली मुंबईतच स्थापन झाली, तेव्हा हा धंदा महाराष्ट्रास परका नाही.

आता उदाहरण घ्यावे. मोटारीच्या पुढील एका चाकाच्या स्प्रिंगेवर ३०० किलो भार आहे आणि ती स्प्रिंग दर मिलिमीटरला अडीच किलो ह्या कणखरपणाची आहे असे धरू. म्हणजे गाडी नुसती उभी असता ती १२० मिलिमीटर दबलेली राहील. गाडीस धक्का देऊन सोडले तर ती मिनिटास सुमारे ८६ हेलकावे घेईल. ह्याच जागी दुप्पट कणखर, म्हणजे पाच किलोची स्प्रिंग घातली तर दाब ६० मिलिमीटर होईल व हेलकावे मिनिटास सुमारे १२२ होतील. कणखरपणा दुप्पट झाला, पण हेलकाव्यांची गती दीडपटीहूनही कमीच वाढली. कारण ती वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. मनुष्याचे शरीर चालण्याच्या गतीने हलण्यास सरावलेले असते. मिनिटास सव्वाशेच्या आसपास हेलकावे घेणाऱ्या गाडीत वृद्ध माणसाने दौंडपर्यंत जावे आणि कंबर धरून उतरावे, ह्यात नवल नाही.

स्प्रिंग किती कणखर होईल हे तारेच्या जाडीवर विलक्षण अवलंबून असते. जाडीच्या चौथ्या घाताने कणखरपणा वाढतो. १२ मिलिमीटरच्या जागी १३ मिलिमीटर तार घेतली तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्क्यांनी कणखर होते. वेटोळी कमी केली तरी ती कणखर होते. गाडी बुटकी करण्यासाठी मूळ स्प्रिंगेचे एक वेटोळे करवतीने कापण्याची रीत कित्येक ठिकाणी आढळते. पाचांतून एक कापले की उरलेली स्प्रिंग पंचवीस टक्क्यांनी कणखर होते, आणि खड्ड्यात चाक लोंबले की आखूड झाल्यामुळे बैठकीतून सुटू शकते. हा उद्योग स्वस्त आहे, इतकेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

ह्या विषयात सर्वांत पक्का रुजलेला गैरसमज कडीविषयी आहे. कडी वर फिरविली की स्प्रिंग घट्ट झाली, असे पुष्कळांस वाटते. वरील उदाहरणात कडी २० मिलिमीटर वर नेली, तर काय होईल? गाडीचे वजन बदललेले नाही. स्प्रिंगेवर अजून ३०० किलोच आहेत. म्हणून ती पूर्वीप्रमाणेच १२० मिलिमीटर दबेल, आणि गाडी मात्र सुमारे २० मिलिमीटर उंच होईल. कणखरपणा तारेत व वेटोळ्यांत असतो, आट्यांत नसतो. कडीने बदलते ती निराळी गोष्ट: चाकाच्या प्रवासाची वाटणी. शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा एकूण १६० मिलिमीटर सरकू शकतो व त्यांपैकी ८० वर आणि ८० खाली असे धरले, तर कडी २० मिलिमीटर खाली नेताच वर जाण्यास ६० उरतात. मोठा खड्डा आला की दांडा रबरी ठोकळ्यावर आदळतो, आणि त्या क्षणी गाडीस स्प्रिंग नसल्यासारखेच होते. उत्तम प्रतीच्या जोडात म्हणून नळीच्या तळचा पायाही निराळ्या आट्यांवर फिरतो. त्यामुळे दांड्याच्या प्रवासास हात न लावता उंची बदलता येते. विकत घेताना रंग व नाव पाहण्याऐवजी हा दुसरा आटा आहे की नाही हे पाहावे.

बुटक्या गाडीचा हिशेब गतिरोधकावर उघडा पडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा, ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो ओलांडता येतो. अडीच मीटर अंतराने चाके असलेली मोटार ह्या लांबट उंचवट्यावर चढली, तर तिच्या पोटाखालची जागा साडेचार सेंटिमीटरच्या आसपासच कमी होते. पण गावोगावी रात्रीतून उगवणारे गतिरोधक आखूड व उभे असतात. पुढचे चाक उतरून गेले तरी मागचे अजून चढलेले नसते, आणि संपूर्ण १० सेंटिमीटरचा उंचवटा नेमका पोटाखाली येतो. रिकाम्या गाडीची पोटाखालील उंची १७० मिलिमीटर. घरची पाच माणसे व सामान मिळून साडेतीनशे किलो चढले की, अडीच किलोच्या चार स्प्रिंगा मिळून सरासरी ३५ मिलिमीटर दबतात आणि १३५ उरतात. गाडी निभावते. हीच गाडी आधी ५० मिलिमीटरने बुटकी केली असेल तर ८५ उरतात, आणि इंजिनाचे तेलपात्र दगडाशी गाठ घालते. सिट्रॉएन कंपनीच्या पियेर बूलांजे ह्यांनी आपल्या अभियंत्यांस अशी गाडी करावयास सांगितले होते की, शेतकऱ्याने अंड्यांची टोपली घेऊन नांगरलेल्या रानातून जावे व एकही अंडे फुटू नये. ती गाडी १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली. काष्टीच्या बाजारास जाणाऱ्याला शर्यतीच्या गाडीपेक्षा तिच्यापासून शिकण्यासारखे अधिक आहे.

शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीत तेल असते. दांड्याच्या टोकास दट्ट्या, दट्ट्यास छिद्रे, आणि छिद्रांवर पातळ पोलादी चकत्या. चाक वर जाताना तेल एका बाजूच्या चकत्या वाकवून वाट काढते, खाली येताना दुसऱ्या बाजूच्या. म्हणून दोन्ही दिशांचा विरोध वेगळा ठेवता येतो. हेलकाव्यांतील शक्ती उष्णतेत जिरते व तेल तापते. तापलेल्या तेलास फेस आला की लगाम सुटतो. तो फेस आवरण्यासाठी उच्च दाबाचा वायू भरलेली एकनळी रचना फ्रान्समध्ये द कार्बों ह्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध केली. विरोध किती असावा? गाडी एकदाही न हेलकावता जागी बसेल इतका विरोध दिला तर प्रवासी हैराण होतात. साध्या गाड्यांत त्याच्या चौथा ते तिसरा हिस्सा पुरेसा मानतात. स्प्रिंग दुप्पट कणखर केली की हा लगामही सुमारे १.४ पट वाढवावा लागतो. नुसत्या स्प्रिंगा बदलून जुनेच शॉकअप ठेवणारा मनुष्य, पैसे खर्चून उधळी गाडी विकत घेतो.

परत येण्याचा विरोध वाजवीपेक्षा अधिक ठेवणे हाही दोष आहे. एकामागून एक लाटा आलेल्या कच्च्या रस्त्यावर चाक पुरते खाली येण्याआधीच पुढची लाट येते, आणि प्रत्येक लाटेबरोबर गाडी थोडी थोडी खाली बसत जाते. शेवटी प्रवास संपून ती ठोकळ्यांवर बसते. चालक म्हणतो, स्प्रिंगा नरम पडल्या. आणि कळ आणखी आवळतो.

जुळवणीस प्रारंभ वजनाने करावा. पुढील आसाचे वजन निराळे व मागील आसाचे निराळे घेणे तालुक्यातील वजनकाट्यावरही शक्य आहे; प्रत्येक चाकाचे वजन मात्र चार लहान काट्यांवरच मिळते. चार पायांच्या चौरंगाच्या एका पायाखाली चिपळी सारली की भार कर्णावर सरकतो, तसेच एका कोपऱ्याची कडी वर नेली की त्या चाकावर व त्याच्या तिरप्या समोरच्या चाकावर भार वाढतो. दिसावयास गाडी सरळ, पण ब्रेक लावताच एकीकडे ओढणारी, हा प्रकार बहुधा ह्यातूनच होतो. उंची ठरली की चाकांची अलाइनमेंट पुन्हा करून घेणे अनिवार्य आहे, कारण उंचीबरोबर चाकांचा कल व तोंड दोन्ही बदलतात. न केल्यास टायरची आतली कड पाहता पाहता झिजते. त्यानंतर कळ अगदी सैल ठेवून, ओळखीच्या एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने गाडी चालवावी. दोन-दोन खटके आवळावेत व प्रत्येक फेरीनंतर वहीत नोंद करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रयोगशाळेतील हा नियम मोडणाऱ्यास गाडी का सुधारली किंवा का बिघडली, हे कधीच कळत नाही.

ही शिस्त जिल्ह्यास नवी नव्हे. सैन्याच्या वाहनांची परीक्षा करणारी वाहन संशोधन व विकास संस्था फाळणीनंतर चकलाल्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास आली, आणि १९६६ पासून पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनचे कार्य चालू आहे. तेथे वाहन पास होते ते मोजमापावर. गॅरेजात डोळ्यांनी पाहून केलेल्या फेरफारास असा आधार नसतो, आणि कायदाही इकडे लक्ष ठेवून आहे: मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते, व २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई ठामपणे उचलून धरली. म्हणून पैसे देण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

स्प्रिंग घरी उतरविण्याचा मोह आवरावा. ३०० किलोखाली १२० मिलिमीटर दबलेल्या स्प्रिंगेत साठलेली शक्ती, १० किलोचा धोंडा पुरुषभर उंचीवरून पडताना जितका आघात करील तितकी असते. ती दाबून धरण्याचा शिकंजा मजबूत हवा, आणि वायू भरलेली नळी तर उघडूच नये. उरते ती निगा. श्रीगोंद्याची काळी माती आट्यांत बसून वाळली की कडी जागची हलत नाही, मग हातोडा येतो आणि आटे जातात. पावसाळा संपल्यावर, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येण्याआधी, आटे ब्रशाने पाण्याखाली धुऊन, वाळवून, कडी एक फेरा मोकळी करून खुणेवर परत आणावी; खूण आधीच पांढऱ्या रंगाने केलेली असावी.