पावसाच्या गावात सोलर?

आमच्या राधानगरीत सोलरचा विषय काढला की बायका म्हणतात, ‘अहो ताई, पावसाळ्यात ऊन दिसत नाही, पैसे पाण्यात घालायचे का?’ शंका रास्त आहे. पण मैत्रिणींनो, शाहू महाराजांच्या धरणात पावसाचं पाणी उन्हाळ्यासाठी साठतं ना? नेट मीटरचं उलटं आहे. एप्रिल-मेची शिल्लक युनिटं पावसाळ्यातल्या बिलातून वजा होतात. चांगल्या उन्हात १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार, ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठेवलंय. मात्र बॅटरी नसेल तर लाईट गेल्यावर सोलरही बंद पडतं, हे आधीच समजून घ्या. वर्षभराची बिलं काढा, युनिटं मोजा. हिशेबाची वही आपल्याच हातात असते, मग हा निर्णयही आपणच पुढे होऊन घेऊया!