ट्रॉलीच्या फाळक्यावरचं अर्थशास्त्र

मे महिना. लासलगाव. सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि ऊन आत्ताच चटके देतंय. ट्रॅक्टरांची रांग आवाराबाहेर रस्त्यापर्यंत गेली आहे. बरेच जण पहाटेच नंबर लावून बसलेत. एका ट्रॉलीच्या सावलीत गोणपाट अंथरून एक आजोबा गाढ झोपलेत. कांद्याचा उग्र दर्प, डिझेलचा धूर, पायाखाली चुरचुरणारी सालपटं. माझ्या वर्गातल्या मुली ओढणी नाकाला लावून चालतायत. प्रत्येकीच्या हातात वही आहे. बाजारात वहीशिवाय यायचं नाही, हा माझ्या अर्थशास्त्राच्या सरांचा दंडक.

सरांनीच मला पहिल्यांदा इथे आणलं. मी तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मागणी-पुरवठ्याचं प्रकरण वर्गात शिकवून झालं होतं. सर म्हणाले, ‘आता उरलेलं लासलगावात.’ आणि आम्ही एसटीने निघालो.

लिलाव सुरू होतो. पुकारा करणारा ट्रॉलीला खेटून उभा, भोवती दहा-बारा व्यापारी. एक जण ट्रॉलीत हात खुपसून खालचा कांदा वर काढतो. अंगठ्याने पत्ती चोळतो, रंग पाहतो, मान दाबून बघतो, टाकून देतो. ‘अकराशे... अकराशे एक... अकराशे एक्कावन्न... बाराशे एक!’ चिठ्ठी फाटते, शेतकऱ्याच्या हातात पडते, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. रोप टाकल्यापासून पाच-साडेपाच महिने सांभाळलेल्या पिकाचा भाव ठरायला मिनिटभरही लागत नाही.

‘परवडत नसेल तर परत का नेत नाहीत?’ एक मुलगी विचारते.

शेजारच्या ट्रॉलीवरचे काका ऐकतात. चाळीस-पंचेचाळिशीचे असतील. ‘ताई, डिझेल कोण देणार? कांदाचाळ भरलेली आहे. मजुरांचे पैसे आज द्यायचेत.’

याच प्रश्नावर सरांनी त्या दिवशी ट्रॉलीच्या धुळकट फाळक्यावर बोटाने आकृती काढली होती. वर्गातल्या फळ्यावर पुरवठ्याची रेषा तिरकी चढत जाते. भाव वाढला की माल वाढतो. फाळक्यावर त्यांनी ती सरळ उभी ओढली. माल आवारात आला, आता तो कमी होणार नाही. भाव काहीही निघो. मागणीची रेषा मात्र खालीवर होत राहणार, आणि त्या हलण्यावर या माणसाचं वर्ष ठरणार. मी आज तीच उभी रेषा मुलींच्या वहीत काढून देतो. काका वाकून बघतात. ‘बरोबर आहे,’ म्हणतात.

पुढच्या ओळीत गोल्टीची, म्हणजे बारक्या कांद्याची ट्रॉली आहे. सातशेवर थांबते. तिच्या शेजारची चौदाशेला जाते. मुली दोन्ही आकडे लिहून घेतात. उद्याच्या पेपरात कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी असे तीन दर येतील, आणि बहुतेक लोक सरासरी वाचून पान उलटतील. सर प्रत्येक ट्रॉलीचा दर वेगळा लिहायला लावत. सरासरी दराने घरी जाणारा शेतकरी मला दाखव, असं ते म्हणत.

शिकून झाल्यावर मी त्यांच्याच विभागात लागलो. विभागाच्या बैठकीत ते मला ‘तुम्ही’ म्हणत आणि बाहेर टपरीवर चहा येताच ‘तू’वर येत. स्वतःचा लेख लिहून झाला की लाल पेनसह माझ्यापुढे ठेवत, ‘खोड बरं.’ मी बिचकत खोडायचो. ते खोडलेलं सगळं मान्य करत नसत, तासभर भांडत. शिक्षकाने विद्यार्थ्याशी बरोबरीने भांडावं, याइतका मोठा मान मला पुढे कुणीच दिला नाही.

भुईकाट्यावर पुन्हा रांग. भरली ट्रॉली तोलायची, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल ओतायचा, रिकामी तोलायला परत यायचं. टिनाच्या शेडमध्ये घामाच्या धारा लागतात. गप्पा निर्यातीवर येतात. तारखा इथे सगळ्यांना पाठ आहेत: 8 डिसेंबर 2023 ला बंदी आली, 4 मे 2024 ला उठली पण 40 टक्के शुल्क लागलं, सप्टेंबरमध्ये ते 20 टक्के झालं, 1 एप्रिल 2025 ला गेलं. कुणीतरी 2023 चा फेब्रुवारी काढतो. लाल कांदा चार-पाचशेवर आला होता. पुढे सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं, 200 क्विंटलपर्यंतच. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने तग धरतो, लाल धरत नाही. त्याला आला तो भाव घ्यावाच लागतो.

सर आता नाहीत. शेवटच्या आजारपणात मी इथून फोन करायचो. आवाज खोल गेला होता, पण पहिला प्रश्न ठरलेला: ‘आज कमीत कमी काय निघाला?’ जास्तीत जास्त किती, हे त्यांनी कधी आधी विचारलं नाही.

दुपारचा एक वाजतो. काकांची ट्रॉली रिकामी झाली आहे, हिशोबपट्टी अजून यायची आहे. मुलींना भूक लागली आहे, तरी कुणी निघू म्हणत नाही.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. वर्षातून एकदा तरी वर्ग आपल्या तालुक्याच्या बाजारात न्या. आणि लिलाव संपला म्हणून परत फिरू नका; वजन होऊन पैसे हातात पडेपर्यंत एका शेतकऱ्याबरोबर थांबा.