क्रँकशाफ्ट पुली घट्ट केल्यावर इंजिन जाम होणे

क्रँकशाफ्ट पुली घट्ट केल्यावर इंजिन जाम होणे हा अंतर्ज्वलन इंजिनाच्या जुळणीतील एक दोष आहे. यात पुलीचा मधला बोल्ट सैल असताना क्रँकशाफ्ट सहज फिरतो. मात्र बोल्ट आवळताच तो जड होतो किंवा पूर्णपणे अडकतो. हा दोष बहुधा इंजिन उघडून पुन्हा जोडल्यानंतर आढळतो.

यंत्रणा

क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर टायमिंग गिअर, तेल उडवणारी चकती, स्पेसर आणि पुली हे भाग एकापुढे एक बसवलेले असतात. बोल्ट आवळल्यावर ते शाफ्टच्या खांद्यावर दाबले जातात आणि शाफ्टसोबत एकसंध फिरतात. त्यामुळे जुळणी योग्य असल्यास बोल्ट कितीही घट्ट असला तरी फिरण्यास अडथळा येत नाही. अडथळा आल्यास फिरणारा एखादा भाग स्थिर भागाला घासत आहे, किंवा शाफ्टची लांबीच्या दिशेतील मोकळीक नाहीशी झाली आहे, असा अर्थ होतो.

कारणे

* स्पेसर किंवा वॉशर राहून जाणे, अथवा त्यांचा क्रम चुकणे. त्यामुळे पुली अधिक आत सरकून टायमिंग कव्हरला टेकते.
* तेल उडवणारी चकती उलटी बसणे. ती साखळीला किंवा कव्हरला घासते.
* चावी खाचेतून वर सरकणे. त्यामुळे पुली तिरपी बसते.
* दुसऱ्या इंजिनाची पुली किंवा गिअर वापरणे.
* थ्रस्ट वॉशर चुकीच्या जाडीचे असणे. ज्या इंजिनांत हे वॉशर शाफ्टच्या टोकाशी असतात, तेथे बोल्ट आवळताच ते चिमटले जातात.

शेवटच्या प्रकाराचे तत्त्व हवेने थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनात स्पष्ट दिसते. तेथे ही मोकळीक पुलीकडे नव्हे, तर फ्लायव्हीलकडे तीन शिम घालून ठरवली जाते व ती ०.०७ ते ०.१३ मिमी अपेक्षित असते. शिम जास्त जाड असल्यास फ्लायव्हीलचा नट आवळताच शाफ्ट अडकतो.

निदान

प्रथम स्पार्क प्लग काढले जातात, जेणेकरून सिलिंडरमधील दाबाचा अडथळा राहत नाही. नंतर बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळून प्रत्येक वेळी शाफ्ट हाताने फिरवला जातो आणि डायल गेजने मोकळीक मोजली जाते. मोकळीक शून्याकडे गेल्यास थ्रस्ट वॉशर व शिम तपासतात. ती कायम राहिल्यास पुली व कव्हरवर घासल्याच्या खुणा शोधतात. बोल्ट सैल असतानाही शाफ्ट प्रत्येक फेरीत ठरावीक कोनातच अडकत असेल, तर कारण वेगळे असते. टायमिंग चुकल्यामुळे व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असण्याची शक्यता असते.

दक्षता

जाम झालेला शाफ्ट पान्याने जोर लावून किंवा स्टार्टरने फिरवू नये. मोकळीक नसल्यास थ्रस्ट बेअरिंगवर तेलाचा थर टिकत नाही, बेअरिंग तापून झिजते आणि पुढे क्रँकशाफ्टही निकामी होऊ शकतो. बोल्ट सैल ठेवणे हाही उपाय नव्हे. तसे केल्यास चावी तुटून टायमिंग बिघडण्याचा धोका असतो.