घाटातली बारी, मंडपातले कीर्तन आणि हजाराचे कॅप्चर कार्ड

कॅमेऱ्याच्या एचडीएमआय सॉकेटमधून बाहेर पडणारे चित्र लॅपटॉपला थेट घेता येत नाही. लॅपटॉपलाही तसेच सॉकेट असते, पण ते चित्र बाहेर देण्यासाठी असते, आत घेण्यासाठी नव्हे. केबल जोडून कोऱ्या पडद्याकडे बघत बसणाऱ्यांची पहिली फसगत इथेच होते. हे चित्र लॅपटॉपच्या पोटात नेण्याचे काम व्हिडिओ कॅप्चर कार्ड करते. ते कॅमेऱ्याकडून एचडीएमआय घेते आणि लॅपटॉपला यूएसबीवाटे देते. लॅपटॉप त्याला साधा वेबकॅम समजतो, त्यामुळे कार्डासाठी वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागत नाही. नामांकित कंपन्यांची कार्डे दहा-पंधरा हजारांच्या घरात जातात. पेन ड्राइव्हएवढी, बिनब्रँडची काडी मात्र हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. गावोगावचे थेट प्रक्षेपण आज बरेचसे या काडीवर चालते.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात या प्रक्षेपणाला मोठा प्रेक्षक बैलगाडा शर्यतींनी मिळवून दिला. शिरूर, खेड, आंबेगाव आणि जुन्नर हा घाटातल्या, म्हणजे चढाच्या धावपट्टीवरच्या, शर्यतींचा पट्टा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी आणली. राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, पण प्रत्यक्ष परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी, आणि १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. बंदीच्या त्या वर्षांत खेड्यातला मोबाइल पार बदलून गेला होता. घाट पुन्हा सुरू झाले तेव्हा यात्रेला न पोहोचलेला, पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला गाववाला बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, फोनवर बघायला तयार बसला होता. दौंड तालुक्यात यवत, वरवंड, पाटस, केडगावकडे हीच मागणी वेगळ्या अंगाने आली. तिथे अखंड हरिनाम सप्ताहातले कीर्तन, तुकोबांच्या पालखीचा यवत-वरवंडचा मुक्काम, लग्न, टेनिस बॉल क्रिकेटचे सामने असे बरेच काही लाइव्ह जाते. साधन एकच असले तरी घाट आणि मंडप त्याची वेगवेगळी परीक्षा घेतात.

काडी स्वस्त का, हे तिच्या आत डोकावल्यावर कळते. अशा बहुतेक काड्यांमध्ये मॅक्रोसिलिकॉन कंपनीची एमएस २१०९ ही चिप असते आणि ती यूएसबी २.० वर चालते. आता थोडा हिशेब. फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले आणि सेकंदाला ३० चौकटी पाठवायच्या म्हटल्या, तर सेकंदाला जवळजवळ १००० मेगाबिट माहिती होते. यूएसबी २.० ची कागदावरची कमाल क्षमता ४८० मेगाबिट आहे. म्हणून चिप प्रत्येक चौकट जेपीईजी फोटोसारखी दाबून पुढे पाठवते. या पद्धतीला एमजेपीईजी म्हणतात. न दाबलेले चित्र मागितले, तर हीच काडी फुल एचडीमध्ये सेकंदाला जेमतेम पाच चौकटी देते. ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र अडखळत येऊ लागले की काडी खराब निघाली असे समजून ती परत पाठवली जाते. पुष्कळदा सेटिंगमध्ये एमजेपीईजी निवडायचे तेवढे राहून गेलेले असते.

या दाबण्याची किंमत कुठे मोजावी लागते, ते घाटात भंडारा उधळला की दिसते. हवेत पसरलेले हजारो पिवळे कण, मागून उठणारी धूळ, बैलांच्या अंगावरचा गुलाल असे बारीक आणि सतत हलणारे तपशील जेपीईजीला पेलत नाहीत, आणि पडद्यावर चौकोनी ठिगळे उमटतात. महागडे कार्ड ही ठिगळे टाळते. पण पुढचा टप्पा विसरून चालत नाही. लॅपटॉपमधून यूट्यूबकडे जाताना तेच चित्र सेकंदाला चार मेगाबिटच्या आसपास दाबले जाते. कार्डाने जे नीट आणून दिले, त्यातले बरेचसे तिथे पुसले जाते. शेवटी मोबाइलवर बघणाऱ्याला हजाराची काडी आणि पंधरा हजारांचे कार्ड यांतला फरक ओळखता येणे कठीण असते. त्यामुळे प्रक्षेपणापुरते बोलायचे तर वरचे चौदा हजार माइक, केबल, बॅकअप वीज आणि नेट यांवर खर्च करणे शहाणपणाचे. चित्रीकरण जपून ठेवण्याचा हिशेब वेगळा. तिथे काडीवर विसंबू नये, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरी कार्डावरही रेकॉर्डिंग चालू ठेवावे. ते बहुधा काडीच्या चित्रापेक्षा सरस असते आणि त्यासाठी वेगळा खर्चही येत नाही. शर्यतीच्या परवानगीच्या कागदावर चित्रीकरणाची अट असेल, तर आयोजकांना द्यायला हीच प्रत उपयोगी पडते.

खोक्यावर छापलेल्या दाव्यांवर मात्र भिस्त ठेवू नये. ‘४के’ असे ठळक लिहिलेले असते. त्याचा अर्थ काडी ४के चित्र आत घेईल एवढाच, बाहेर ती फुल एचडीच देते. यूएसबीचे टोक निळे असले म्हणजे आत यूएसबी ३.० आहे असेही नाही. जुन्या चिपला निळे टोक लावून विकणारे कमी नाहीत. काडी खरोखर ३.० ची असेल तर न दाबलेले फुल एचडी चित्र पूर्ण वेगाने मिळते, आणि ओबीएसच्या यादीत दोन मिनिटांत हे तपासता येते. परताव्याची मुदत संपण्याआधी ही तपासणी उरकलेली बरी.

कॅमेऱ्याकडून दोन अडचणी येतात. काही कॅमेरे एचडीएमआयमधून चित्राबरोबर बॅटरीची खूण, फोकसचा चौकोन, शटरचे आकडे असे सगळेच बाहेर पाठवतात. मेनूमध्ये ही माहिती बंद करण्याची सोय नसेल, तर तो कॅमेरा या कामाचा नाही. दुसरी अडचण विजेच्या दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. रात्रीच्या कीर्तनात कॅमेरा ३० चौकटींवर आणि शटर १/६० वर ठेवले, तर मंडपातल्या दिव्यांखाली चित्रावर काळ्या पट्ट्या वर-खाली सरकत राहतात. कॅमेरा, कॅप्चर आणि ओबीएस हे तिन्ही २५ किंवा ५० चौकटींवर आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले की पट्ट्या जातात. घाटात दिवसाउजेडी हा प्रश्न येत नाही. तिथे शटर १/५०० पर्यंत नेले की बैलांचे पाय स्पष्ट दिसतात. प्रक्षेपणाचे चित्र दाखवून निकालावर वाद घालण्यात मात्र अर्थ नाही. गाड्याचा वेग सेकंदाला दहा मीटर धरला, तरी ३० चौकटींच्या चित्रात दोन चौकटींच्या मधे गाडा एक फुटाहून जास्त पुढे सरकलेला असतो. सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरणारा घाटाचा राजा, म्हणजे सर्वांत वेगवान गाडा, घड्याळानेच ठरवायचा.

आवाजाचा मामला चित्रापेक्षा जास्त नाजूक आहे. चित्र थोडे पुसट असले तरी लोक कीर्तन बघतात, आवाज फाटला की पान बदलतात. कॅमेऱ्यावरचा माइक मंडपात भोंग्याचा घुमारा आणि मुलांचा कालवाच जास्त पकडतो. म्हणून साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन घ्यावी लागते. ही लाइन कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात सरळ खुपसली, तर तिची पातळी त्या भोकाला झेपत नाही आणि आवाज चिरका होतो. दोहोंमध्ये पातळी कमी करणारा पॅड लावावा, किंवा छोट्या यूएसबी साउंड कार्डातून लाइन थेट लॅपटॉपला द्यावी. स्वस्त काडीतून आवाज घेण्यात आणखी एक गोची आहे. एमएस २१०९ स्टिरिओ आवाज देत असली, तरी संगणकाला तो ९६ किलोहर्ट्झचा मोनो असल्याचे सांगते, आणि डावे-उजवे एकमेकांत मिसळून जाते. वेगळे साउंड कार्ड वापरले की हा घोळ टळतो.

मग आवाज आणि चित्र जुळवण्याचे काम येते. काडीतून येणारे चित्र सेकंदाच्या एखाद्या दशांशाने मागे पडते, मिक्सरचा आवाज लगेच पोहोचतो. बुवा बोलतात आणि ओठ नंतर हलतात. ओबीएसमध्ये आवाजाला मिलिसेकंदांत विलंब देता येतो. तो किती द्यायचा हे ठरवायला सिनेमावाले पाटी आपटतात. सप्ताहात टाळकरी हजर असतातच. त्यांच्यापैकी एकाला कॅमेऱ्यासमोर उभे करून टाळाचा एक ठोका रेकॉर्ड करायचा आणि टाळ भिडलेली चौकट व ठोक्याचा आवाज एकावर एक येईपर्यंत आकडा सरकवायचा. मिक्सरच्या लाइनमध्ये वारकऱ्यांचा गजर फारसा येत नाही, कारण त्यांच्यासमोर माइक नसतो. मंडपाच्या कडेला एक माइक लावून त्याचा थोडा आवाज मिसळला नाही, तर हजार माणसांचे कीर्तन रिकाम्या खोलीत चालल्यासारखे ऐकू येते. गजर एकदम चढतो, हे लक्षात घेऊन पातळी आधीच खाली राखावी.

नेटबाबत स्पीड टेस्टचा आकडा फसवा असतो, कारण ती टेस्ट आदल्या दिवशी, मोकळ्या माळावर केलेली असते. यात्रेच्या दिवशी त्याच टॉवरवर हजारो फोन असतात आणि त्यांतले कितीतरी स्वतःच व्हिडिओ पाठवत असतात. सेकंदाला चार मेगाबिटने तासाला १.८ जीबी डेटा जातो, आठ तासांच्या शर्यतीला सुमारे साडेचौदा जीबी. रोज दोन जीबीचा पॅक तासाभरात आटोपतो. जवळच्या शाळेतून, पतसंस्थेतून किंवा घरातून फायबरची जोडणी घेता आली, तर तीच घ्यावी. तसे न झाल्यास दोन वेगळ्या कंपन्यांची सिमे जवळ असावीत, आणि चित्र ७२०पी वर, अडीच मेगाबिटला उतरवायची तयारी असावी. फोनच्या पडद्यावर एक न थांबणारे ७२०पी हे दर मिनिटाला गोल फिरणाऱ्या फुल एचडीपेक्षा कितीतरी बरे. यूट्यूब चॅनेल नवे असेल तर एक गोष्ट आधीच उरकावी. लाइव्हची सोय पहिल्यांदा चालू व्हायला २४ तास लागू शकतात, त्यामुळे यात्रेच्या सकाळी चॅनेल उघडून उपयोग नाही. नुसत्या मोबाइलवरून लाइव्ह जायला किमान ५० सदस्य लागतात, लॅपटॉपवरून ओबीएसने जायला ही अट नाही.

लॅपटॉप नवाच हवा असे नाही. चित्र दाबण्याचे काम ओबीएसमध्ये मुख्य प्रोसेसरऐवजी इंटेलच्या क्विक सिंकवर किंवा एनव्हिडियाच्या एनव्हेंकवर सोपवले, की काही वर्षे वापरलेले यंत्रही ते रेटते. खरी गाठ असते ती चैत्र-वैशाखाच्या उन्हाशी. काडी मुळातच तापते, तिच्यात पंखा नसतो. उन्हात ठेवलेल्या लॅपटॉपला चिकटून बसली की दुपारी चित्र गोठते. एक वीत लांबीची यूएसबी जोडणी घालून काडी लॅपटॉपपासून दूर, सावलीत टांगली की बराच फरक पडतो. दोन कॅमेरे असतील तर दोन काड्या एकाच हबमध्ये लावू नयेत, वेगवेगळ्या पोर्टमध्ये लावाव्यात. त्याहून जास्त कॅमेरे असले तर एटेम मिनीसारखा स्विचर घेणे हिताचे. त्याचे चित्र यूएसबीवाटे थेट लॅपटॉपमध्ये येते, काडीची गरजच उरत नाही. एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. घाटाच्या निशाणापासून स्टेजपर्यंतचे अंतर त्याहून मोठे असेल, तर लॅपटॉपच कॅमेऱ्याजवळ न्यावा किंवा लांब केबलवर चित्र नेणारे एसडीआय कन्व्हर्टर वापरावेत. जोडण्या तुटण्याचे मूळ बहुधा या केबलीत आणि कॅमेऱ्याच्या नाजूक मिनी-मायक्रो सॉकेटात असते, चिपमध्ये क्वचित. केबल कॅमेऱ्याला धरून ठेवणारी साधी क्लिप कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात बनते. शिरूर तालुक्यातच, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब ही साधने बनवण्याची कार्यशाळा आहे. अशी छोटी जोडकामे करायला मुलांनी शिकावे, हाच त्या शिक्षणाचा रोख.

वीज गेली की एमपी४ स्वरूपातले रेकॉर्डिंग अर्धवट राहून उघडेनासे होते. ओबीएसमध्ये एमकेव्ही निवडल्यास वीज जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो आणि नंतर त्याचे एमपी४ करता येते. सेट-टॉप बॉक्स जोडून टीव्हीवरचा सामना दाखवण्याचा प्रयत्न केला तर पडदा काळाच राहतो, कारण त्या चित्राला नक्कल रोखणाऱ्या एचडीसीपीचे कुलूप असते. ते तोडणारी साधने विकली जातात म्हणून कुलूप तोडणे कायदेशीर ठरत नाही. गाण्यांचेही तसेच. दोन बाऱ्यांच्या मधे डीजेवर वाजलेले सिनेमाचे गाणे यूट्यूबची यंत्रणा ओळखते आणि त्या व्हिडिओवर हक्काचा दावा येतो. मिक्सरवर समालोचकाची लाइन वेगळी मागून घेतली, तर डीजेचा आवाज प्रक्षेपणात निदान थेट जात नाही.

गाडामालकाला आठ तासांच्या प्रक्षेपणात रस नसतो, त्याला हवी असते काही सेकंदांत संपणारी आपली बारी. त्यासाठी ओबीएसमध्ये रीप्ले बफर आहे. तो ३० सेकंदांवर लावून एक बटण ठरवायचे, आणि गाडा निशाणापार गेला की ते दाबायचे. शेवटची ३० सेकंदे वेगळ्या फाइलमध्ये, वेळेच्या नावाने जतन होतात. समालोचकाशेजारी बसलेल्या मुलाने टोकनच्या, म्हणजे गाड्यांच्या क्रमाच्या, यादीवर प्रत्येक गाड्यासमोर ती वेळ लिहिली, तर संध्याकाळी कोणती फाइल कोणाची हे शोधत बसावे लागत नाही.