यंत्र एकाचे, जोडसामान दुसऱ्याचे



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ केला, तेव्हापासून या व्यासपीठावर इतिहास, धर्म, वाङ्मय, राजकारण असे थोर विषय होत आले आहेत. त्या पंक्तीत सुताराच्या मशीनला लावावयाची ब्लेडे आणि बिटे यांवर बोलण्यास मी उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्या प्रत्येकाच्या घरी दाराची चौकट आहे, कपाट आहे, स्वयंपाकघरात फळ्या आहेत. त्या कोणीतरी सांधल्या आहेत. सांधा कसा झाला आणि तो करताना करणाऱ्याचा हात शाबूत राहिला की नाही, हा प्रश्न जितका त्याचा तितकाच आपलाही आहे. कामगार चळवळीत माझा जन्म गेला, पण या विषयातले जे काही मला कळते ते मिस्त्र्यांच्या शेजारी बसून, त्यांना विचारून आणि मिळतील ती पुस्तके वाचून शिकलेले आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

सांधा म्हणजे काय ते आधी पाहू. दोन लाकडे खिळ्याने ठोकली तर ती धरून राहतात. सांधली तर ती एक होतात. जुना सुतार एका लाकडाच्या टोकाला कुसू कोरी, दुसऱ्यात तेवढेच भोक पाडी, सरस लावून एकात एक बसवी. करवत, पटाशी, रंधा आणि गुण्या एवढ्या साहित्यावर तो हे करी. भोक चौकोनी आणि सरळ उतरणे हा वर्षानुवर्षांच्या सरावाचा भाग होता.

मग वीज आली. जर्मनीत श्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्यात 1895 साली विजेवर चालणारे हातातले ड्रिल तयार झाले. अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या जोडीला, पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले ते 1917 साली. त्याच वर्षी राजर्षी शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे आपले गाव वसवले आणि त्याचे रस्ते गुण्या लावून आखल्यासारखे काटकोनात काढले. म्हणजे आपले गाव आणि हातातले विजेचे ड्रिल हे साधारण एकाच वयाचे आहेत.

या यंत्रांविषयी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. ड्रिल घ्या, राउटर घ्या, ग्राइंडर घ्या. आत असते ती मोटर आणि तिचा फिरणारा दांडा. लाकडाला लागते ती वस्तू वेगळीच असते. ती दांड्याच्या टोकाला बसवलेली असते, ती झिजते, ती बदलावी लागते, आणि पुष्कळदा ती यंत्र बनवणाऱ्या कंपनीची नसतेच. शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. ट्रॅक्टर एका कंपनीचा, नांगर गावच्या लोहाराचा, रोटाव्हेटर तिसऱ्याचा. पण मागची तीन ठिकाणची जोडणी ठरावीक मापाची, म्हणून सगळे एकमेकांना चालते. सुताराच्या यंत्रांचेही तसेच आहे. अशा बाहेरच्या सामानाला दुकानात अटॅचमेंट म्हणतात; मी त्याला जोडसामान म्हणतो. त्याचे तीन वर्ग पडतात: कापणारे, वाट दाखवणारे आणि राखणारे.

वाट दाखवणारे आधी घेऊ, कारण कारागिराची खरी कमाई तिथे आहे. राउटर हे यंत्र बिट फिरवत लाकडात खाच पाडते. हाताने धरून चालवले तर ते भरकटते. त्याला वाट दाखवली तर तेच यंत्र चौकटीचे भोक इतके नेमके पाडते की पन्नास चौकटींत फरक सापडू नये. ही वाट म्हणजे प्लायच्या तुकड्यात कापलेला एक नमुना आणि राउटरच्या तळाला बसवायची एक पितळी किंवा लोखंडी नळी, म्हणजे गाइड बुश. नळी नमुन्याच्या कडेला घासत जाते आणि तिच्या मधून बिट खाली कापत जाते.

यातला हिशेब चौथीच्या मुलाला यावा इतका सोपा आहे. नळीचा बाहेरचा व्यास 16 मिलिमीटर आणि बिट 8 मिलिमीटरचे असेल, तर फरक 8 मिलिमीटरचा. जे भोक हवे त्याच्या लांबीत आणि रुंदीत हा फरक मिळवायचा. भोक 40 बाय 8 चे हवे असेल, तर नमुन्यातली खिडकी 48 बाय 16 ची कापायची. असे भोक दोन्ही लाकडांत पाडले आणि मध्ये वेगळा कापलेला सुटा कुसू सरस लावून बसवला, की सांधा झाला. जुना कुसू लाकडातूनच कोरलेला असे, हा बाहेरून आणलेला. पण नीट घट्ट बसवला तर तो दाराच्या चौकटीलाही पुरतो. यासाठी खर्च होतो तो टाकाऊ प्लायच्या तुकड्याचा आणि अर्ध्या तासाचा.

याच कल्पनेवर मोठमोठी यंत्रे उभी राहिली आहेत. स्वित्झर्लंडमधील हेर्मान श्टाइनर या सुताराने 1950 च्या दशकात दाबलेल्या बीच लाकडाची, माशाच्या आकाराची पातळ चकती काढली. तिला लामेलो म्हणतात. चार मिलिमीटरच्या अर्धगोल खाचेत सरस घालून ती बसवली की सरसातल्या पाण्याने ती फुगते आणि खाचेत आवळून बसते. पुढे जर्मनीच्या फेस्टूल कंपनीने डोमिनो नावाचे यंत्र काढले. त्याचे बिट फिरता फिरता आडवे झुलते आणि एका दाबात लांबट भोक पाडते. ते यंत्र नामी आहे, पण आपल्याकडच्या सामान्य मिस्त्र्याच्या आवाक्यातले नाही. आणि गंमत पाहा, एवढ्या महाग यंत्रालाही बाहेरच्या छोट्या कारखान्यांनी जोडसामान केले. त्यातले एक म्हणजे केवळ एक पट्टी: ती बसवली की ठरावीक जाडीच्या प्लायच्या बरोबर मधोमध भोक पडते, पुन्हा पुन्हा माप लावावे लागत नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातील क्रेग सॉमरफेल्ड या डाय बनवणाऱ्या कारागिराने तिरपे भोक पाडून स्क्रूने सांधा जोडण्याचे साधन केले ते घरच्या स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी. पुढे त्याचा मोठा धंदा झाला. असले पुष्कळ सामान कंपनीच्या कचेरीत सुचले नाही, बाकावर काम करणाऱ्याला सुचले. आपल्या मिस्त्र्यांनी प्लायचे नमुने केले तर ते याच जातीचे काम आहे. त्याला जुगाड म्हणून हिणवू नये.

आता कापणारे जोडसामान. येथे मात्र जुगाडाला जागा नाही. विकत घेताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: माप तंतोतंत आहे काय? राउटरच्या बिटाची दांडी 6 मिलिमीटरची असते, तशी पाव इंचाचीही असते. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. पण दांडी पकडणारा कॉलेट ज्या मापाचा असेल त्याच मापावर तो सगळीकडून सारखा आवळतो. 6 ची दांडी पाव इंची कॉलेटमध्ये आवळली तर ती दोन-तीन रेघांवरच धरली जाते, कामात सरकते आणि बाहेर येते. अर्ध्या इंचाचे तसेच: ते 12.7 मिलिमीटर, 12 नव्हे. दांडी आत तळाला टेकवून मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढून आवळावी, हेही सांगून ठेवतो. ब्लेडच्या मधल्या भोकाचा प्रकार असाच आहे. चार इंची ग्राइंडरच्या चकतीचे भोक 16 मिलिमीटरचे, तर 110 मिलिमीटरच्या कटरच्या ब्लेडचे 20. मध्ये हाताने केलेली कडी घालून ते बसवले आणि कडी जरा जरी एका बाजूला राहिली, तर ब्लेड लंगडत फिरते.

दुसरा प्रश्न: वेग सोसेल काय? चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11 ते 12 हजार फेरे घेतो. 110 मिलिमीटरचे ब्लेड 12 हजार फेऱ्यांनी फिरले तर त्याच्या दाताचा वेग सेकंदाला 69 मीटर होतो. ताशी जवळजवळ 250 किलोमीटर. त्या दाताचे टोक टंगस्टन कार्बाइडचे असते. जर्मनीतील क्रुप कारखान्याने 1920 च्या दशकात हे बाजारात आणले आणि 'हिऱ्यासारखे' या अर्थाचे विडिया हे नाव दिले. आपल्या लेथवाल्यांच्या तोंडी ते नाव आजही आहे. हे टोक पोलादी चकतीवर झाळलेले असते. झाळणे कच्चे असेल तर तो दात त्याच वेगाने सुटतो. म्हणून ब्लेडवर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो यंत्राच्या आकड्यापेक्षा कमी असेल, किंवा छापलेलाच नसेल, तर ते ब्लेड फुकट मिळाले तरी घेऊ नये.

तिसरा प्रश्न: राखण जागेवर राहते काय? मला आज जे मुख्यत्वे सांगायचे आहे ते येथे आहे. ग्राइंडर हे लोखंड घासण्याचे यंत्र. त्याला लाकूड कापण्याचे दातेरी ब्लेड लावू नये, ते उसळून हातातून सुटते, अशी सूचना त्याच्या माहितीपुस्तिकेत बारीक इंग्रजी अक्षरांत असते. तरीही हे ब्लेड सर्रास लावले जाते, कारण ग्राइंडर स्वस्त आहे आणि हलका आहे. मोठे ब्लेड बसावे म्हणून त्यावरचे गार्ड काढून ठेवतात. लाकडात गाठ आली, किंवा कापलेली फट मिटून ब्लेड आवळले गेले, की यंत्र उलट झेप घेते. त्याला टेकायला बैठक नाही, अडवायला गार्ड नाही. पुढे असतो तो हात किंवा मांडी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मिस्त्र्याला भेटायला मी दवाखान्यात गेलो होतो. डाव्या हाताची दोन बोटे गेली होती. मी गार्डाचे विचारले. तो म्हणाला, "साहेब, गार्ड लावलं की ब्लेड बसत न्हाई, आन् ब्लेड न्हाई बसलं तर दिस भरत न्हाई." काम चौरस फुटावर घेतलेले होते. यंत्र त्याचे स्वतःचे, ब्लेड त्याच्या खिशातून आणलेले. ज्याच्याकडे काम चालू होते त्याने सांगितले, हा माझा नोकर नाही, हा स्वतःच ठेकेदार आहे. मी त्याच्याशी दोन तास भांडलो. शेवटी माणुसकी म्हणून काही रक्कम मिळाली. हक्क म्हणून काही मिळाले नाही.

आता कायदा पाहा. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 21 व्या कलमात यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा असलाच पाहिजे, असे मालकावर बंधन होते. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईची शक्ती 20 टक्के घटली, अंगठा गेल्यास 30 टक्के घटली, असे कोष्टक होते. हे कायदे 2020 च्या नव्या संहितांत विलीन करण्यात आले. पण जुना कायदा असो वा नवी संहिता, हक्काची भरपाई मागायची तर समोर मालक असावा लागतो. ज्याने आपले यंत्र, आपले ब्लेड आणले आणि फुटावर काम घेतले, त्याचा मालक शोधायचा कुठे? शिवाय कोष्टकातले 20 टक्के पटाशी धरणाऱ्या हाताला लागू पडत नाहीत. डाव्या हाताने पटाशी धरता आली नाही तर उजव्या हातातला हातोडा काय कामाचा?

म्हणून मी म्हणतो की स्वस्त ब्लेड हे स्वस्त नसते. त्याची उरलेली किंमत कोणीतरी नंतर भरतो. गार्ड काढले जाते ते केवळ मिस्त्र्याच्या निष्काळजीपणाने नव्हे; दर असा ठरलेला असतो की गार्ड ठेवून तो परवडू नये. यंत्राला चुकीचे जोडसामान लावण्याची पाळी बोली ठरते तिथेच येते.

राहिला तिसरा वर्ग, राखणारे जोडसामान. त्यात गार्ड आले, लाकूड पुढे ढकलण्याची काठी आली, आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे धूळ ओढणारे तोंड आले. राउटरच्या तळाला ते बसवून त्याची नळी व्हॅक्यूमला जोडली की भुसा नाकात जाण्याऐवजी डब्यात जातो. ही चैन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ 1995 साली माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या वर्गात घातली. एमडीएफच्या भुशाबरोबर त्यातल्या चिकट पदार्थाचे फॉर्माल्डिहाइडही येते, आणि तेही त्याच वर्गात आहे. बोट जाते ते एका क्षणात दिसते. फुप्फुस आणि नाक वीस वर्षांनी बोलतात, आणि तेव्हा ते कोणाच्या कामावर बिघडले हे सांगता येत नाही.

मग करायचे काय? मिस्त्र्यांना माझे सांगणे असे. वाट दाखवणारे सामान हाताने करा, जितके कराल तितके थोडे. कापणारे सामान मात्र माप आणि फेऱ्यांचा आकडा वाचून घ्या, आणि ग्राइंडरला लाकडाचे ब्लेड लावू नका. लाकूड कापायला बैठक आणि गार्ड असलेला कटर वापरा. राज्यात 2011 साली स्थापन झालेल्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवा. नव्वद दिवस काम केल्याचा दाखला मागतात. तो देण्यास टाळाटाळ होईल तिथे एकट्याने न जाता चौघांनी मिळून जा.

आणि आपणा नागरिकांना एक विनंती. घरात कपाटाचे काम काढाल तेव्हा प्लाय कोणता, मायका कोणता, बिजागरी कोणती, हे आपण दहा वेळा विचारता. त्याच कागदावर एक ओळ वाढवा: ब्लेड, बिट आणि धूळ ओढण्याची सोय यांचा खर्च मजुरीतून नव्हे, वेगळा.  आणि काम चालू असताना मशीनवर गार्ड दिसले नाही, तर काम थांबवून विचारा. ठेकेदाराला जो प्रश्न आम्ही युनियनवाले विचारतो त्याचा त्याला राग येतो. तोच प्रश्न घरमालकाने विचारला तर तो त्याच दिवशी गार्ड आणून बसवतो.

सांधा चांगला कधी म्हणावा? दोन्ही लाकडांनी आपापला भार घेतला तर. करून घेणारा आणि करणारा यांच्यामधला सांधाही तसाच असावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.