आच्छादन पीक म्हणून राय : अमेरिकेतील आयोवा राज्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
गहू व बार्ली यांच्याच कुळातील राय हे तृणधान्य मराठी वाचकास फारसे परिचित नाही. नामसादृश्यामुळे त्याचा संबंध फोडणीच्या राईशी जोडला जातो. वस्तुतः या दोन्ही वनस्पती सर्वस्वी भिन्न आहेत. पोलंड, जर्मनी, रशिया या देशांतील काळसर, आंबूस चवीचा पाव ज्यापासून बनतो ते हे धान्य होय. अमेरिकेच्या मका पट्ट्यात मात्र आज ते प्रामुख्याने दाण्यासाठी नव्हे, तर उघडी जमीन झाकण्यासाठी पेरले जाते आणि ओंबी भरण्यापूर्वीच मारले जाते. या पेरणीचा खर्च कोण करतो आणि लाभ कोणाच्या पदरी पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रायचे काटकपण :
राय हे मुळात गहू-बार्लीच्या शेतातील तण होते, असे प्रतिपादन रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी १९१७ मध्ये केले. शेती अधिक थंड व हलक्या जमिनीच्या प्रदेशात सरकली, तेथे गहू तग धरीना आणि तणच पीक ठरले. रायचे बी १ ते २ अंश सेल्सिअस तापमानातही रुजते. रोप उणे ३० अंशांच्या आसपासची थंडी सोसते. वाळूमिश्रित, आम्लधर्मी जमीनही त्यास चालते. हॉवर्ड डिटमर यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेटीत वाढविलेल्या चार महिन्यांच्या एकाच रोपाच्या मुळांची एकत्रित लांबी सुमारे ६२३ किलोमीटर भरली. हा अभ्यास आयोवातीलच होता, हा योगायोग लक्षणीय आहे. कारण त्या राज्याला आज रायच्या दाण्यापेक्षा मुळांचीच अधिक गरज आहे.

रायचा एक दोषही नोंदवावयास हवा. फुलोऱ्यात शिरणाऱ्या अरगट बुरशीमुळे दाणे विषारी होतात. आपल्याकडील बाजरीवरील अरगट याच वर्गातील बुरशीमुळे होतो. तथापि फुलोऱ्यापूर्वी मारल्या जाणाऱ्या आच्छादन पिकात हा प्रश्न उद्भवत नाही.

आयोवातील नत्राची गळती :
आयोवात मका व सोयाबीन आलटून पालटून घेतात. ऑक्टोबरच्या सुमारास कापणी झाल्यावर पुढील एप्रिल-मेपर्यंत जमीन उघडी राहते. वसंतातील पावसाने जमिनीतील नायट्रेट विरघळते आणि शेताखाली पुरलेल्या निचरा नळ्यांतून नदीत जाते. हेच पाणी पुढे मिसिसिपी नदीमार्गे मेक्सिकोच्या आखातात पोहोचते व तेथील प्राणवायूविरहित पट्ट्यास कारणीभूत ठरते. वाटेत डे मॉइन शहर नदीचे पाणी पिते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नत्राची कमाल मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे; ती पाळण्यासाठी तेथे खर्चिक नायट्रेट निर्मूलन संयंत्र चालवावे लागते.

कापणीनंतर उरणाऱ्या थोड्या उबदार दिवसांत रुजून हिवाळा पार करणारे पीक म्हणून रायची निवड होते. ओट गोठून मरतो; द्विदल पिकांना वाढीस वेळ अपुरा पडतो. राय मात्र बर्फ वितळताच वाढू लागते आणि वाहून जाणारे नत्र शोषून घेते. राज्याच्या २०१३ च्या पोषकद्रव्य घट धोरणात रायमुळे नायट्रेटची गळती सरासरी ३१ टक्के घटते, असा अंदाज दिला आहे. त्याच धोरणात मक्याच्या उत्पादनात सरासरी ६ टक्के घट गृहीत धरली आहे. कारण उघड आहे. कुजणाऱ्या रायमध्ये कर्ब जास्त व नत्र कमी असल्यास जिवाणू जमिनीतील नत्र काही काळ अडकवून ठेवतात आणि कोवळा मका पिवळा पडतो. म्हणून मका पेरण्यापूर्वी १० ते १४ दिवस राय मारावी, असा सल्ला दिला जातो. सोयाबीन हवेतील नत्र मिळवीत असल्याने त्यास ही झळ फारशी बसत नाही. उलट रायच्या आच्छादनाखाली राजगिरा कुळातील चिवट तणे दबतात. रायचा आरंभ सोयाबीनपूर्वीच्या हंगामात करावा, हेच श्रेयस्कर वाटते.

खर्च आणि लाभाची विषम वाटणी :
आपल्याकडे ताग वा धैंचा गाडणाऱ्या शेतकऱ्यास नत्राचा लाभ त्याच शेतात मिळतो. आयोवातील शेतकरी बियाणे, पेरणी व तणनाशक यांचा खर्च करतो, परंतु स्वच्छ पाणी खालच्या शहरास मिळते. शिवाय तेथील निम्म्याहून अधिक शेतजमीन भाडेपट्ट्याने कसली जाते. मातीचा पोत दहा वर्षांनी सुधारेल, हे आश्वासन पुढील वर्षी पट्टा टिकेल की नाही या विवंचनेतील कुळास कितपत भावेल? डे मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने २०१५ मध्ये वरच्या भागातील निचरा मंडळांविरुद्ध दावा दाखल केला. तो २०१७ मध्ये न्यायालयाने फेटाळला. त्याच वर्षी राज्याने आच्छादन पीक घेणाऱ्यांना पीक विम्याच्या हप्त्यात एकरी ५ डॉलर सवलत देण्यास प्रारंभ केला. बियाण्याचा खर्चही एवढ्यात भागत नाही.

२०२२ च्या कृषिगणनेनुसार आयोवातील आच्छादन पिकांचे क्षेत्र सुमारे पावणेतेरा लाख एकर होते. मका-सोयाबीनचे क्षेत्र सव्वादोन कोटी एकरांहून अधिक आहे. जून २०२५ मध्ये नद्यांतील नायट्रेट इतके वाढले की, डे मॉइन परिसरातील नागरिकांना घरापुढील हिरवळीस पाणी घालण्यास मनाई करावी लागली.