पोस्टाने आलेले बक्षीस : पाकीट उघडण्यापूर्वी थोडे थांबा

दुपारच्या टपालात एक जाडसर पाकीट येते. त्यावर घरातल्या कुणाचे तरी नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, मोबाइल नंबर असे सारे अचूक छापलेले असते. आत गुळगुळीत कागदाचे पत्र, एका नामांकित ऑनलाइन विक्री कंपनीचे चिन्ह, दोन-तीन रंगीत शिक्के आणि एक स्क्रॅच कार्ड. नाण्याने कार्ड खरवडले की दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस निघते : एक कार किंवा तिच्या किमतीची रोख रक्कम, बारा-चौदा लाख रुपये. खाली लिहिलेले असते, ‘बक्षीस मिळवण्यासाठी या हेल्पलाइनवर संपर्क साधा.’

अशी पाकिटे शहरात येतात, तशी तालुक्याच्या गावी आणि कोकणातल्या वाड्यांवरही येतात. घरातली तरुण मुले मुंबई-पुण्याला किंवा आखातात, घरी अम्मी-अब्बा आणि सुना, अशी आपल्यातली किती तरी कुटुंबे आहेत. तिथे असे पत्र हाती पडले की पहिला विचार येतो तो मुलीच्या निकाहचा, घराच्या अर्ध्या राहिलेल्या स्लॅबचा, फेडायच्या कर्जाचा. पत्र पाठवणाऱ्याचा सारा भरवसा या गरजेवर असतो. म्हणून अशा पत्राची लक्षणे आपण सर्वांनी एकदा नीट समजून घ्यायला हवीत.

जुनीच रीत, नवे पाकीट

चिठ्ठी पाठवून लुटण्याची ही पद्धत आजची नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत ‘स्पॅनिश कैदी’ नावाची फसवणूक गाजली होती. स्पेनच्या तुरुंगात एक धनवान माणूस अडकला आहे, त्याच्या सुटकेसाठी थोडे पैसे पाठवा, सुटल्यावर तो आपल्या संपत्तीतला मोठा हिस्सा देईल, अशी ती पत्रे असत. आपल्याकडेही ‘कोडे सोडवा, रेडिओ जिंका’ अशा जाहिराती अनेकांना आठवत असतील. उत्तर पाठवले की प्रत्येकालाच बक्षीस लागे आणि मागोमाग पैसे भरून सोडवायचे व्ही.पी. पार्सल येई. काळ बदलला, पण मुद्दा तोच राहिला : मोठे मिळवण्यासाठी आधी थोडे द्या.

त्यांना आपले नाव कसे कळते?

‘आपण मागच्या महिन्यात मागवलेली वस्तूसुद्धा त्यांना ठाऊक आहे, मग कंपनी खोटी कशी?’ असे पुष्कळ लोक विचारतात. आपण वस्तू मागवतो तेव्हा नाव, पत्ता आणि फोन नंबर अनेक हातांतून जातो. अशा याद्या बाहेर फुटतात आणि विकल्याही जातात. त्यामुळे आपली माहिती असणे हा खरेपणाचा पुरावा नाही. पत्र पोस्टमनने आणून दिले हाही पुरावा नव्हे. पोस्टमन पाकीट पोहोचवतो, आतल्या मजकुराची हमी पोस्ट खाते देत नाही.

ओळखण्याच्या खुणा

पहिली खूण : ज्या सोडतीत आपण भागच घेतला नाही, तिचे बक्षीस. हजला जाण्यासाठी हज कमिटीकडे अर्ज केल्याशिवाय कुर्‍यात नाव निघत नाही, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तोच न्याय इथे लावावा. नाव दिलेच नाही तर ते निघाले कुठून?

दुसरी खूण : पैसे मिळवण्यासाठी पैसे भरण्याची मागणी. ही सर्वांत पक्की खूण. तिला नोंदणी फी, फाइल चार्ज, जीएसटी, टीडीएस, एनओसी, विमा अशी नाना नावे दिली जातात. खरी गोष्ट अशी की मोठ्या रोख बक्षिसावरचा ३० टक्के आयकर बक्षीस देणारा आधीच कापून घेतो आणि उरलेली रक्कम विजेत्याला देतो. बक्षीस वस्तूरूपात असले तरी कर सरकारकडे पॅन क्रमांकावर जमा होतो. कुणा ‘मॅनेजर’च्या खात्यात किंवा मोबाइल नंबरवर आयकर भरला जात नाही.

तिसरी खूण : व्यक्तीच्या नावाचे बँक खाते. पत्रावर कंपनी एक, फोनवर सांगितलेले खाते भलत्याच कुणाचे. विचारले तर उत्तर मिळते, ‘ते आमचे कॅशियर आहेत.’

चौथी खूण : घाई आणि गुप्तता. ‘आज पाचपर्यंत भरा, नाहीतर बक्षीस दुसऱ्याला जाईल.’ ‘कुणाला सांगू नका, नाहीतर रद्द होईल.’ घरात चार जणांनी विचार केला तर खोटे उघडे पडेल, हे त्यांना ठाऊक असते.

पाचवी खूण : शिक्क्यांची गर्दी. पत्रावर अशोक स्तंभ, आयकर विभाग, रिझर्व्ह बँक अशा साऱ्यांची नावे असतात. रिझर्व्ह बँक सामान्य माणसांची खाती ठेवत नाही आणि कुणाला बक्षिसाची रक्कमही पाठवत नाही. हे तिने स्वतः वेळोवेळी जाहीर केले आहे. पुढे व्हॉट्सअॅपवर एखाद्या ‘अधिकाऱ्या’चे ओळखपत्र येते. ते छापायला कितीसा वेळ लागतो?

सहावी खूण : कागदपत्रांची मागणी. आधार, पॅन, पासबुकाचा फोटो, एटीएम कार्डाच्या दोन्ही बाजू आणि शेवटी ओटीपी. लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

पत्र परदेशी लॉटरीचे असेल तर विचार करण्याचेही कारण नाही. लॉटरीत भाग घेण्यासाठी परदेशात पैसे पाठवणे परकीय चलनाच्या नियमांनुसार मना आहे. आणि आपल्या देशात १९९८ च्या लॉटरी कायद्यानुसार लॉटरी चालवण्याचा अधिकार राज्य सरकारांकडेच आहे.

पैसे कसे निसटत जातात?

पहिली मागणी कधीच मोठी नसते. समजा, कार्डावर १२ लाख ८० हजार निघाले. फोनवरचा माणूस अदबीने ‘मुबारक हो’ म्हणतो, आपली भाषा बोलतो आणि फक्त ५,५०० रुपये नोंदणी मागतो. ते भरले की १२,८०० रुपयांचा ‘एक टक्का कर’ निघतो. मग २५,००० रुपयांची ‘अनामत’, जी बक्षिसासोबत परत मिळणार असते. इथे माणूस अडकतो. आता थांबलो तर आधीचे १८,३०० बुडतील, म्हणून तो आणखी भरतो. शेजाऱ्याकडून उसने घेतले जाते, बांगड्या गहाण पडतात. आधी गेलेले पैसे वाचवण्यासाठी आणखी पैसे घालायचे नाहीत, एवढे एक ठरवले तरी मोठे नुकसान टळते.

दीनच्या नजरेतून

जुगार आपल्यावर हराम आहे. कुरआनच्या सूरह माइदामधील ९० व्या आयतीत त्यापासून दूर राहण्याची स्पष्ट ताकीद आहे. ‘आम्ही तिकीट कुठे घेतले? कार्ड तर फुकट आले,’ असे काही जण म्हणतील. पण पाच हजार लावून बारा लाखांची वाट पाहू लागलो की मनाची जी अवस्था होते, ती जुगाऱ्याच्या मनापासून किती लांब आहे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची आधी शहानिशा करण्याची शिकवण आहे. अनोळखी माणसाने पाकिटातून आणलेली बातमीही बातमीच आहे.

‘मोफत उमरा’ किंवा ‘हजचे बक्षीस’ असे लिहून आलेल्या पत्रांबाबत तर दुप्पट सावध राहावे. आपल्या श्रद्धेला हात घातला की आपण प्रश्न विचारत नाही. हज कमिटीच्या कुर्‍यात नाव निघालेल्यालाही खर्च स्वतःच भरावा लागतो, आणि तोही कमिटीने ठरवून दिलेल्या मार्गानेच. मग न मागता मोफत पाठवणारा हा कोण, हे विचारण्यात कोणताही गुनाह नाही.

पत्र आले तर, आणि पैसे गेले तर

पत्रावरच्या नंबरवर फोन करू नका. शंका असेल तर कंपनीचा नंबर आपल्या जुन्या बिलावरून किंवा तिच्या अधिकृत अॅपवरून घ्या. पाकीट घरातल्या सर्वांना दाखवा आणि मोहल्ल्यातही सांगा, कारण तेच पाकीट शेजारीही आलेले असू शकते.

पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर क्राइम पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. पाकीट, कार्ड, पोस्टाचा शिक्का, चॅट आणि पैसे भरल्याची पावती हे सारे पुरावे जपून ठेवा. आधारची प्रत पाठवली असेल तर आधारच्या अॅपवरून बायोमेट्रिक लॉक करून घ्या. त्यासाठी १९४७ या क्रमांकावर माहिती मिळते. आणि काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी भरा’ असा फोन आला, तर तोही त्याच टोळीचा समजावा.

शेवटचे सांगणे घरातल्या कर्त्या मंडळींना. फसलेली व्यक्ती बहुधा गप्प राहते. मुलगा रागावेल, जाऊबाई हसतील, अशी तिला भीती असते. त्या गप्प राहण्यात तक्रारीचे मोलाचे तास निघून जातात आणि ठग मात्र आणखी दोन हप्ते घेऊन जातो. म्हणून आज रात्रीच्या जेवणाला दस्तरखानावर हा विषय काढा. दादीला, अम्मीला, शाळेतल्या मुलांना सांगा, ‘असे काही आले तर आधी आम्हाला दाखवा. चूक झाली असली तरी सांगा, कुणी रागावणार नाही.’ आणि तसे खरोखरच वागा. ज्या घरात निर्धास्तपणे बोलता येते, त्या घरात ‘कुणाला सांगू नका’ ही अट चालत नाही.

अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो आणि तिची राखण करण्याची समजही देवो. आमीन.